परसातील तुती आणि राजाची आज्ञा : इंग्लंडमधील १६०९ च्या योजनेचा पुनर्विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

इंग्लंडमधील जुन्या वाड्यांच्या आणि महाविद्यालयांच्या आवारांत काळ्या तुतीचे एखादे वाकलेले, टेकू देऊन सावरलेले झाड पुष्कळदा आढळते. त्याची फळे उन्हाळ्याच्या अखेरीस पिकतात आणि खालची हिरवळ जांभळी करून टाकतात. अशा झाडाविषयी चौकशी केली असता बहुधा एकच उत्तर मिळते : पहिल्या जेम्स राजाने रेशमाचा धंदा इंग्लंडात रुजविण्यासाठी तुती लावण्याची आज्ञा केली, तेव्हाचे हे झाड. त्यास जोडूनच दुसरी गोष्ट सांगितली जाते. राजाने पांढऱ्या तुतीऐवजी चुकून काळी तुती लावविली, रेशमाच्या किड्यांना ती मानवली नाही आणि सारी योजना धुळीस मिळाली.

हे स्पष्टीकरण सुटसुटीत आहे आणि म्हणूनच ते लोकप्रिय झाले असावे. एका झाडाच्या निवडीतील चूक मान्य केली की योजनेच्या मूळ कल्पनेकडे पाहण्याची आवश्यकता उरत नाही. परंतु उपलब्ध पुरावा तपासला असता हे स्पष्टीकरण अपुरे ठरते. १६०९ ची योजना कोणते झाड लावले यापेक्षा ते कोणाच्या परसात लावले, त्याचा पाला कोणाच्या हातांनी खुडला जावयाचा होता आणि तयार झालेला कोष कोण विकत घेणार होते, या प्रश्नांवर अडखळली, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे. त्यासाठी प्रथम तुती व घर यांचा संबंध पाहून मग इंग्लंडकडे वळणे योग्य होईल.

२. तुती आणि घर

तुतीचे झाड घराजवळ असावे, ही कल्पना केवळ सोयीतून आलेली नाही. ती रेशमाच्या किड्याच्या जीवनक्रमातूनच निघते. अंड्यातून बाहेर पडल्यापासून कोष विणेपर्यंत हा किडा सुमारे २५ ते ३० दिवस जगतो, त्या अवधीत चार वेळा कात टाकतो आणि जवळजवळ अखंड खातो. तीस ग्रॅमच्या आसपास वजनाच्या अंड्यांपासून पस्तीस-चाळीस हजार किडे निपजतात व त्यांना एकंदर सुमारे एक टन पाला लागतो. त्यातही चारपंचमांशाहून अधिक पाला शेवटच्या अवस्थेतील थोड्या दिवसांतच खपतो. पाला ताजा असावा लागतो. कोमेजलेला किडा खात नाही आणि ओला दिल्यास रोग उद्भवतो. म्हणजे त्या आठवड्यात घरातील माणसांना दिवसरात्र झाड आणि किड्यांच्या परड्या यांमध्ये फेऱ्या घालाव्या लागतात. झाड दूर असेल तर हे काम होत नाही आणि घरात हात कमी असतील तर झाड जवळ असूनही होत नाही.

चीनमध्ये ही जाणीव फार प्राचीन काळापासून दिसते. इसवीसनापूर्वी चौथ्या शतकात होऊन गेलेल्या मेन्शियसने उत्तम राज्याचे चित्र रेखाटताना पाच मू क्षेत्राच्या घरठाण्याभोवती तुती लावण्याचा उल्लेख केला आहे. तसे झाल्यास पन्नाशी गाठलेल्या माणसांना अंगावर रेशीम घालता येईल, असा त्याचा आशय आहे. तेथे तुती हा दरबारी वैभवाचा विषय नाही. वृद्धांच्या अंगावरील उबेचा तो विषय आहे.

पुढे उत्तर वेई राजवटीने इ. स. ४८५ मध्ये जमिनीच्या समान वाटपाचा कायदा केला, तेव्हा या परसातील झाडाला कायद्याचे रूप आले. प्रत्येक प्रौढ पुरुषास धान्याच्या जमिनीखेरीज २० मू तुतीची जमीन देण्यात आली आणि तीवर ५० तुतीची, ५ बोरीच्या जातीची व ३ एल्मची झाडे लावण्याचे बंधन घालण्यात आले. तीन वर्षांत लागवड पुरी झाली नाही तर न लावलेली जमीन परत घेतली जाई. या कायद्यातील सर्वांत महत्त्वाची तरतूद मात्र निराळीच आहे. धान्याची जमीन धारकाच्या वार्धक्यानंतर अथवा मृत्यूनंतर सरकारजमा होई, तर तुतीची जमीन वारसांकडे जाई. झाड लावणाऱ्याच्या हयातीपेक्षा झाडाचे आयुष्य मोठे असते व आपल्या मुलाबाळांकडे न जाणाऱ्या जमिनीत कोणी झाड मनापासून लावीत नाही, हे त्या शासनकर्त्यांनी ओळखले होते.

अर्थात या व्यवस्थेला आदर्श समजण्याचे कारण नाही. त्याच काळी पतिपत्नींच्या प्रत्येक जोडीवर दरसाल रेशमी कापडाचे एक ठाण व दोन श धान्य असा कर बसविलेला होता. ठाण विणण्याचे काम स्त्रियांचे होते. झाडाची सक्ती पुरुषाच्या नावे लिहिली गेली तरी तिचा खरा भार घरातील स्त्रीच्या हातांवर पडे. ही गोष्ट पुढील विवेचनात वारंवार आढळेल.

३. फ्रान्सचे उदाहरण

जेम्सच्या डोळ्यांसमोर चीन नव्हता. शेजारचा फ्रान्स होता. तेथे चौथ्या हेन्रीने रेशमी कापडापायी परदेशी जाणारे धन रोखण्याच्या हेतूने तुतीच्या लागवडीस हात घातला होता. त्याचा सल्लागार ऑलिव्हिए द सेर हा दक्षिणेकडील व्हिव्हारे प्रांतातील जमीनदार होता. १६०० साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या कृषिविषयक ग्रंथात रेशमाच्या किड्यांच्या संगोपनाचा सविस्तर विचार आहे. १६०१ च्या सुमारास पॅरिसमधील त्वीलरी राजोद्यानात तुतीची पंधरा ते वीस हजार झाडे लावण्यात आली आणि १६०२ पासून पॅरिस, ऑर्लेआँ, तूर व लियाँ या विभागांत रोपे व अंडी पुरविण्याची व्यवस्था झाली.

या खटपटीचे फळ सर्वत्र सारखे मिळाले नाही. उत्तरेकडील विभागांत लागवड फारशी टिकली नाही. दक्षिणेत मात्र ती हळूहळू रुजत गेली. तेथेही सक्ती उपयोगी पडली नाही, असे कोल्बेरच्या काळातील अनुभवाविषयी सांगितले जाते. शेतकऱ्यांच्या जमिनींवर सरकारी खर्चाने लावलेली झाडे त्यांनी जगू दिली नाहीत. पुढे तीन वर्षांनी जिवंत असलेल्या प्रत्येक झाडामागे २४ सू बक्षीस ठेवल्यावर झाडे जगू लागली. लावलेल्या झाडाला नव्हे, जगलेल्या झाडाला पैसा, हे या युक्तीचे मर्म होते.

४. जेम्सची योजना

इंग्लंडमधील योजनेची पूर्वतयारी १६०६-०७ पासून चालू होती. जकातखात्यातील अधिकारी विल्यम स्टॅलेंज व फ्रान्सचा रहिवासी फ्रांस्वा द व्हर्तों यांना तुतीची रोपे आणण्याची सनद मिळाली. १६०७ मध्ये निकोलस जेफ याने ऑलिव्हिए द सेरच्या रेशीमविषयक लेखनाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. राजाच्या कारकिर्दीच्या सहाव्या वर्षी, म्हणजे १६ नोव्हेंबर १६०८ रोजी, जिल्ह्याजिल्ह्यांतील राजप्रतिनिधींना एक पत्र धाडण्यात आले आणि १६०९ मध्ये स्टॅलेंजची सूचनापुस्तिका छापली गेली. तुती कशी लावावी, अंडी केव्हा उबवावी, किड्यांना पाला कसा घालावा, हे तीत सांगितले होते.

हे पत्र काळजीपूर्वक वाचण्यासारखे आहे. फ्रान्सच्या राजाने आपल्या देशात रेशीम निर्माण करून दाखविले, मग इंग्लंडात ते का होऊ नये, असा त्याचा सूर आहे. प्रजा आळसातून बाहेर पडेल व तिला नवा उद्योग मिळेल, अशी आशाही त्यात प्रकट झाली आहे. प्रत्यक्ष आज्ञा अशी की, प्रत्येक जिल्ह्यातील ऐपतदार लोकांना राजप्रतिनिधींनी समजावून व बजावून दहा हजार रोपे घ्यावयास लावावीत. रोपे पुढील मार्च-एप्रिलमध्ये लंडनमध्ये मिळणार होती. दर एका रोपास तीन फार्दिंग किंवा शेकड्यास सहा शिलिंग असा ठरविलेला होता.

या दराचा हिशेब उद्‌बोधक आहे. तीन फार्दिंग म्हणजे पाऊण पेनी. त्या काळी दक्षिण इंग्लंडमधील साध्या मजुराची रोजची मजुरी सुमारे आठ पेनी होती. म्हणजे एका रोपाची किंमत मजुराच्या दिवसभराच्या मिळकतीचा दहावा हिस्साही नव्हती. संपूर्ण जिल्ह्याच्या दहा हजार रोपांची किंमत शेकड्याच्या दराने अवघी तीस पौंड होते. तेव्हा योजना महागाईमुळे बुडाली, असे म्हणता येत नाही.

रोपे घेतली गेली याचा पुरावाही आहे. केंब्रिजच्या क्राइस्ट्स महाविद्यालयाच्या हिशेबात तीनशे तुतीची रोपे अठरा शिलिंगांना घेतल्याची नोंद आहे. ही रक्कम शेकडा सहा शिलिंग या राजाच्या दराशी तंतोतंत जुळते. त्या महाविद्यालयाच्या बागेत आजही एक जुनी तुती आहे. ती कवी मिल्टनच्या नावाने ओळखली जाते. मिल्टनचा जन्म १६०८ चा आणि महाविद्यालयातील प्रवेश १६२५ चा, हे लक्षात घेता ते झाड त्याने लावल्याची आख्यायिका ग्राह्य वाटत नाही. ते राजाच्या रोपांपैकी असणे अधिक संभवनीय आहे.

राजाने स्वतःही उदाहरण घालून दिले. सेंट जेम्सच्या राजवाड्याजवळ चार एकरांची तुतीची बाग तयार करण्यात आली. भिंत घालणे, जमीन सपाट करणे आणि रोपे लावणे यांसाठी ९३५ पौंड खर्च झाला. एका जिल्ह्याच्या रोपांच्या किमतीशी तुलना करता हा खर्च तीस पटींहून अधिक होता. राणी ॲन हिने ओटलँड्स येथील राजवाड्यात किड्यांसाठी खास गृह बांधवून घेतले. १६२८ मध्ये बागेची व किड्यांची देखरेख लॉर्ड ॲस्टनकडे गेली. परंतु शतकाच्या मध्यानंतर तीच बाग लंडनकरांचे फिरावयाचे व खाण्यापिण्याचे ठिकाण बनली. १६६८ मध्ये सॅम्युअल पीप्स तेथे जाऊन आला, पण त्याला ती जागा आवडली नाही. त्याच वर्षी सर चार्ल्स सेडलीचे त्या बागेच्या नावाचे विनोदी नाटक रंगभूमीवर आले. हल्लीच्या बकिंगहॅम राजवाड्याच्या आवाराने त्या जागेचा काही भाग व्यापला आहे.

५. ‘चुकीचे झाड’ : एक परीक्षण

आता मूळ आक्षेपाकडे वळता येईल. काळ्या तुतीच्या पाल्यावर रेशमाचे किडे जगत नाहीत, ही समजूत निराधार आहे. पांढरी तुती युरोपात सर्वत्र पसरण्यापूर्वी इटलीमधील रेशीम काळ्या तुतीच्या पाल्यावरच होत असे. स्पेनमधील ग्रानादाच्या नामांकित रेशमाचा आधारही काळी तुतीच होती. पांढऱ्या तुतीचा पाला कोवळा, तिची वाढ जलद आणि तिच्या पाल्यावरील सूत अधिक तलम, हे खरे. पण यावरून काळ्या तुतीचे रेशीम कमी प्रतीचे होते एवढेच सिद्ध होते. ते होतच नव्हते, असे सिद्ध होत नाही.

दुसरी अडचण पुराव्याच्या स्वरूपाची आहे. आज उभी असलेली जुनी झाडे बहुतांशी काळ्या तुतीची आहेत, म्हणून १६०९ मध्ये काळी तुतीच लावली गेली, असे अनुमान केले जाते. परंतु काळी तुती फार दीर्घायुषी असते. ती आडवी पडली तरी जमिनीला टेकलेल्या फांद्यांतून पुन्हा मुळे धरते. शिवाय तिचे फळ रुचकर असल्यामुळे रेशमाचा विचार सुटल्यावरही ती तोडण्याची इच्छा कोणास होत नाही. चारशे वर्षांनंतर जे उरले, त्यावरून प्रारंभी काय काय होते हे ठरविणे धोक्याचे आहे. त्यातच काळी तुती इंग्लंडात जेम्सच्या पुष्कळ आधीपासून होती. रोमन काळातील लंडनच्या उत्खननात तुतीच्या बिया सापडल्या आहेत. म्हणून प्रत्येक जुने झाड राजाच्या आज्ञेचे, असेही मानता येत नाही.

झाडाची एक खरी अडचण मात्र मान्य केली पाहिजे. तुती उशिरा पालवते. थंडी सरल्याखेरीज ती कळी उघडत नाही, म्हणून प्लिनीने तिला झाडांतील सर्वांत शहाणे झाड मानले. इंग्लंडच्या हवेत काळ्या तुतीला पाला फुटेपर्यंत मे महिना उजाडतो. अंडी त्याआधी उबली तर किड्यांना घालण्यास काही नसते व लेट्यूससारख्या भाजीच्या पानांवर वेळ मारून न्यावी लागते. तथापि हवामान हा अलंघ्य अडसर नव्हता. विसाव्या शतकात केंट परगण्यातील लुलिंगस्टन येथे किडे पाळून रेशीम काढण्यात आले आणि १९३७ व १९५३ च्या राज्यारोहणप्रसंगीच्या वस्त्रांसाठी ते वापरलेही गेले. इंग्लंडात रेशीम होऊ शकते, पण शेतकऱ्याच्या घरी परवडणारा धंदा म्हणून ते उभे राहिले नाही, हा फरक ध्यानात ठेवला पाहिजे. १७१८ च्या सनदेनंतर चेल्सी येथे सुमारे दोन हजार झाडे लावून केलेला प्रयत्नही थोड्याच वर्षांत थांबला.

६. कारणमीमांसा

वरील पुराव्यावरून १६०९ च्या योजनेतील तीन उणिवा स्पष्ट होतात.

पहिली उणीव धारणेची. राजाचे पत्र ऐपतदारांना उद्देशून होते. तुती मोठी होऊन तिचा पाला बेताने खुडता येण्यास काही वर्षे लागतात. तेवढी वाट पाहण्याची शक्ती जमीनदाराकडे होती, पण त्याला किडे पाळण्याची गरज नव्हती. ज्या खेडुताला जोडउत्पन्नाची गरज होती, त्याच्याकडे झाडापुरतीही स्वतःची निश्चित जमीन बहुधा नसे. उत्तर वेईच्या कायद्याने तुतीची जमीन वंशपरंपरेने देऊन जी गाठ सोडविली होती, ती इंग्लंडात कोणी हातीच घेतली नाही.

दुसरी उणीव श्रमाची. ज्या दिवसांत किड्यांना सर्वांत अधिक पाला लागतो, ते दिवस इंग्लंडात लोकर कातरण्याचे व गवत कापण्याचे होते. स्त्रिया व मुले यांना लोकरीचे सूत कातून पैसे मिळत. हे काम वर्षभराचे, ओळखीचे आणि खात्रीचे होते. त्यांनी ते सोडून नव्या, नाजूक व एका रोगाने एका रात्रीत नष्ट होणाऱ्या जिवाच्या मागे का लागावे, याचे उत्तर सूचनापुस्तिकेत नव्हते. पुस्तिकेने झाडाचे व किड्याचे ज्ञान दिले. घरातील माणसांच्या वेळेचा हिशेब तिने केला नाही.

तिसरी उणीव बाजाराची. कोष तयार झाला म्हणजे काम संपत नाही. आतील पतंग बाहेर पडण्यापूर्वी तो मारावा लागतो व गरम पाण्यातून अखंड सूत उकलावे लागते. हे कौशल्याचे काम आहे. जिल्ह्याजिल्ह्यांत कोष विकत घेणारी व सूत काढणारी केंद्रे नव्हती. विणकरांना तर त्यांची निकडही नव्हती. १६८५ नंतर फ्रान्समधून आलेल्या ह्यूगनॉट कारागिरांमुळे लंडनमधील स्पिटलफील्ड्सची रेशीमविणाई भरभराटीस आली, ती परदेशी कच्च्या रेशमावर.

या तीनही गोष्टी जेथे एकत्र आल्या, तेथे तेच झाड कसे वागले, हे सेव्हेन प्रदेशाच्या इतिहासात दिसते. १७०९ च्या भयंकर हिवाळ्याने दक्षिण फ्रान्समधील फळझाडांची अपरिमित हानी केली. त्यानंतर तेथील लहान शेतकऱ्यांनी डोंगरउतारावरील आपल्या वाफ्यांच्या कडेने तुती लावली. स्त्रिया किड्यांची अंडी कापडाच्या लहान पिशवीत घालून अंगाच्या उबेवर उबवीत. जवळच्या गावात सूत काढण्याच्या गिरण्या असत व कोषाचा पैसा हाती येई. लोक त्या झाडाला सोन्याचे झाड म्हणू लागले. १८५३ साली फ्रान्समधील कोषांचे उत्पादन सुमारे २६,००० टनांवर पोहोचले. नंतर पेब्रिन रोगाने त्यावर घाला घातला व त्याच्या संशोधनासाठी लुई पाश्चरला १८६५ पासून आलेस येथे येऊन राहावे लागले.

उलट बाजूचे उदाहरण व्हर्जिनियाचे आहे. तेथील १६१९ च्या सभेने प्रत्येक माणसाने सात वर्षे दरसाल सहा तुतीची झाडे लावून जगवावीत, असा नियम केला. जमीन मुबलक होती आणि तांबडी तुती त्या भूमीत मूळचीच होती. परंतु माणसे थोडी होती आणि तंबाखूला रोख भाव होता. तंबाखूने तुतीला हटविले. झाड योग्य व जमीन विपुल असतानाही घरातील हात आणि बाजाराचा भाव दुसरीकडे वळले, तर आज्ञा कागदावरच राहते, हे यावरून दिसून येते.

७. दख्खनमधील अनुभव

हा प्रश्न महाराष्ट्राला परका नाही. म्हैसूर राज्यात टिपू सुलतानाने १७८५-८६ च्या सुमारास बंगालमधून रेशमाचे किडे आणविण्यासाठी माणसे धाडली व त्यांच्या संगोपनाची केंद्रे ठरवून दिली. तेथे तुती झुडपाच्या रूपाने शेतात वाढली, वर्षातून अनेक पिके निघू लागली आणि कालांतराने तो प्रदेश भारतातील रेशमाचे प्रमुख केंद्र बनला. महाराष्ट्रात पैठण व येवला येथे विणाईची परंपरा थोर असूनही कच्चे रेशीम बहुतांशी बाहेरूनच येत राहिले. स्पिटलफील्ड्सशी असलेले हे साम्य लक्षणीय आहे. १८३० नंतरच्या दशकात कंपनी सरकारच्या आश्रयाने सिन्योर मुत्ती या इटालियन गृहस्थाने पुण्याच्या परिसरात तुती लावून पाहिली. झुडपाऐवजी उंच झाड वाढवावे, असा त्याचा आग्रह होता. तोही उद्योग टिकला नाही. तेथेही वाद झाडाच्या रूपाविषयीच अधिक झाला.

अलीकडील काळात मराठवाड्यात तुतीची लागवड वाढली. परंतु तेथील शेतकऱ्यांना कोष विकण्यासाठी दीर्घकाळ कर्नाटकातील रामनगरपर्यंत जावे लागे. २०१८ मध्ये जालना येथे कोषांची बाजारपेठ सुरू झाली, तेव्हा वर सांगितलेल्या तिसऱ्या उणिवेवर उपाय होऊ लागला. सतराव्या शतकातील इंग्लंडच्या जिल्ह्यांत नेमके हेच नव्हते.

८. उपसंहार

१६०९ च्या योजनेचा ‘चुकीचे झाड’ हा निष्कर्ष सोयीचा आहे. तो दोष राजाच्या माळ्याकडे देतो आणि राजाच्या विचाराला मोकळे सोडतो. वस्तुतः रोप स्वस्त होते, ज्ञान छापील स्वरूपात उपलब्ध होते आणि राजाची इच्छाही खोटी नव्हती. उणीव होती ती झाड लावणाऱ्याच्या हक्काची, पाला खुडणाऱ्या हातांच्या मोबदल्याची व कोषाच्या गिऱ्हाइकाची. यांपैकी कोणतीही गोष्ट शेकडा सहा शिलिंग दराने लंडनमध्ये मिळत नव्हती.

जी झाडे उरली, ती रेशमासाठी उरली नाहीत. मालकांना त्यांची फळे आवडली व सावली हवीशी वाटली, म्हणून ती राखली गेली. ऐपतदारांच्या बागांत आज्ञेने आलेली तुती अखेर त्यांच्याच आवडीने जगली. ज्यांच्या आळसावर ती उपाय म्हणून आणली होती, त्यांच्या परसापर्यंत ती कधी पोहोचलीच नाही.